बातमी मोबाइलची, व्याख्यान झोपेचे

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकाच्या फोंडा तालुक्याच्या पानावर ‘मोबाइलमुळे किशोरांचा मेंदू आकसतो’ अशा मथळ्याची दोन स्तंभांची बातमी प्रसिद्ध झाली. ज्या व्याख्यानाची ती बातमी होती, त्याला मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर होतो आणि व्याख्याती ही माझी जुनी विद्यार्थिनी असल्यामुळे इतर श्रोत्यांपेक्षा थोडे अधिक कान देऊन ऐकत होतो. सुमारे सव्वा तासाच्या त्या व्याख्यानात मोबाइलचा विषय जेमतेम पाच मिनिटे आला, तोही एका पालकाने प्रश्न विचारला म्हणून. ‘आकसतो’ हे क्रियापद तिने त्या संदर्भात वापरलेच नाही. अर्धा तास ती बोलली ते झोपेविषयी आणि शाळेच्या घंटेविषयी, आणि त्यातले एक अक्षरही बातमीत नव्हते. बातमीदाराला मी फारसा दोष देत नाही. तो गृहस्थ एकाच संध्याकाळी तीन कार्यक्रम उरकत होता आणि चहाच्या वेळी आयोजकांपैकी कोणी जे सांगितले ते त्याने टिपून घेतले. परंतु दुसऱ्याच दिवशी ते कात्रण आमच्या भागातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागले आणि शेजारच्या एका आजोबांनी ‘पेपरात आले आहे’ असे सांगून नातवाचा फोन कपाटात कुलूपबंद केला, तेव्हा गप्प बसणे मला बरे वाटेना. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. काटछाट करायची झाल्यास माझी मते कापावीत, तिने सांगितलेल्या गोष्टी ठेवाव्यात.

तिचे नाव मी लिहीत नाही, कारण त्या मथळ्याचा तिला पुरेसा मनस्ताप झाला आहे. ती आमच्या सावईवेरे परिसरातली, सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकलेली. अकरावी-बारावीला जीवशास्त्र तिने माझ्याकडे केले. आज ती राज्याबाहेरच्या एका प्रयोगशाळेत किशोरवयीन मुलांच्या अवधानाचा, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात ज्याला लक्ष म्हणतो त्याचा, अभ्यास करते. व्याख्यानाच्या आरंभी तिने सांगितले की या विषयातला आपला पहिला प्रयोग त्या प्राथमिक शाळेतच झाला. एका खोलीत दोन वर्ग बसत, शिक्षिका एकच; चौथीची मुले गणित सोडवत असताना पलीकडे दुसरीची मुले पाढे घोकत, आणि तरीही गणित सुटे. कानावर तर दोन्ही पडत होते, मग पाढे गेले कुठे? पुढे वाचताना तिला समजले की नेमका हाच प्रश्न ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ सालच्या निबंधात पद्धतशीर हाताळला होता. त्यांनी माणसाच्या दोन कानांत दोन वेगवेगळी भाषणे ऐकवली आणि एका कानातले मोठ्याने म्हणत जायला सांगितले. दुसऱ्या कानात पुरुषाच्या आवाजाऐवजी बाईचा आवाज आला, तर ते ध्यानात येई; पण तिथली भाषा इंग्रजीऐवजी जर्मन झाली, तरी बहुतेकांना पत्ता लागत नसे.

यानंतरचा अर्धा तास तिने ‘लक्ष’ या एका शब्दाची फोड करण्यात घालवला, आणि बातमीचा घोटाळा मुळात इथेच झाला असावा असे मला वाटते, कारण आपण लक्ष ही एखादी टाकी समजतो, जी कोणाची भरलेली असते आणि कोणाची मोबाइलने रिकामी केलेली. मायकेल पोस्नर आणि स्टीव्हन पीटरसन यांनी १९९० साली मांडलेल्या विवेचनानुसार लक्ष ही एकच गोष्ट नसून मेंदूच्या वेगवेगळ्या भागांवर आधारलेली निदान तीन कामे आहेत : जागे आणि सावध राहणे, हव्या त्या दिशेला मन वळवणे, आणि दोन गोष्टींत ओढाताण चालू असताना एकीला आवर घालणे. वर्गात खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलाचे यांपैकी कोणते काम बिघडले आहे, हे त्याच्याकडे नुसते पाहून सांगता येत नाही. त्याला झोप अनावर झालेली असेल, बाहेर काही अधिक रंजक चाललेले असेल, किंवा आत-बाहेरच्या ओढाताणीत तो हरत असेल. आम्ही शिक्षक मात्र तिघांनाही ‘लक्ष कुठे आहे?’ हा एकच प्रश्न विचारतो. मीही बत्तीस वर्षे तोच विचारला.

यांतले पहिले काम, म्हणजे सावध राहणे, किती नाजूक असते याचे तिने दिलेले उदाहरण मला फार आवडले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या रडार पडद्यावर नजर ठेवून बसणाऱ्यांकडून शत्रूच्या खुणा निसटत असत. नॉर्मन मॅकवर्थ यांनी केंब्रिजमध्ये एक घड्याळ तयार केले, ज्याचा काटा ठरावीक टप्प्यांनी पुढे सरके आणि मधूनच एकदम दोन टप्पे उडी मारी. ती उडी टिपायची, एवढेच काम. पहिला अर्धा तास उलटताच टिपण्यात घसरण सुरू झाली. हे लोक किशोरवयीन नव्हते, सैन्यातले होते, आणि १९४८ साली हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा कोणाच्याही खिशात मोबाइल नव्हता.

येथे एक गोष्ट माझ्या पदरची जोडतो. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ आबे फारिया यांचा पुतळा आहे. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा गोमंतकीय धर्मगुरू पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून दाखवत असे. त्या काळी लोक समजत की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसला तरी चुंबकीय द्रव वाहतो. फारियांनी ते साफ नाकारले आणि जे काही घडते ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात, त्याच्या एकाग्रतेमुळे घडते असे प्रतिपादन केले. शाळेच्या सहली त्या पुतळ्यापाशी थांबतात, त्याच्या त्या नाट्यमय पवित्र्याचे फोटो निघतात, पण आपल्या मातीतला हा माणूस दोनशे वर्षांपूर्वी अवधानाविषयी काय म्हणत होता, हे मुलांना क्वचितच कोणी सांगते. मीही सांगितले नव्हते; या व्याख्यानानंतर घरी येऊन पुस्तके काढली, तेव्हा लक्षात आले.

आता संशोधकाचा दिवस कसा जातो ते. बातमीत ‘मेंदूचे स्कॅनिंग करून सिद्ध केले’ असे वाक्य होते. ती बहुतांश काम ईईजीवर करते, म्हणजे डोक्यावर विद्युत्‌अग्रांची टोपी बसवून मेंदूच्या लहरी नोंदवते. या लहरी काही मायक्रोव्होल्टच्या, म्हणजे व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांच्या असतात. मुलाने पापणी मिटली किंवा दात आवळले तर त्यातून निघणारी खळबळ मेंदूच्या संकेतापेक्षा कितीतरी मोठी असते. त्यामुळे दोन तासांच्या नोंदीतला बराच भाग फेकून द्यावा लागतो. चौदा वर्षांच्या मुलाला दोन तास स्थिर बसवणे, मग त्याच्या केसांतला चिकट जेल धुऊन काढणे आणि शेवटी ‘याने केस गळणार नाहीत ना?’ अशी चौकशी करणाऱ्या त्याच्या आईची समजूत घालणे, हाच आपल्या संशोधनाचा निम्मा भाग आहे, असे ती म्हणाली तेव्हा सभागृहात हशा पिकला. एका निबंधामागे पाच-सहा वर्षे जातात, आणि त्याच्या शेवटी जे वाक्य लिहिता येते त्यात ‘कदाचित’, ‘या गटापुरते’, ‘अधिक अभ्यास हवा’ हे शब्द येतातच. त्या वाक्यातून मथळा तयार करताना नेमके हेच शब्द सर्वांत आधी गळतात.

मेंदू आकसण्याचा मुद्दा मात्र नीट सांगायला हवा, कारण त्यात गंमत आहे. शिकागोचे पीटर हुटेनलोकर यांनी १९७९ साली मृत व्यक्तींच्या मेंदूच्या कपाळामागच्या भागातले चेतापेशींमधले सांधे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. त्यांना आढळले की वर्ष-दोन वर्षांच्या बाळात या सांध्यांची दाटी प्रौढापेक्षा सुमारे दीडपट असते आणि पुढे सोळाव्या वर्षापर्यंत ती कमी कमी होत जाते. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४५ मुला-मुलींचे एमआरआय केले, आणि त्यांतल्या अनेकांचे दर दोन वर्षांनी पुन्हा केले. १९९९ साली त्यांनी दाखवले की मेंदूच्या पुढच्या भागातले करडे द्रव्य, म्हणजे चेतापेशी आणि त्यांचे सांधे असलेला थर, मुलींमध्ये अकराव्या आणि मुलग्यांमध्ये बाराव्या वर्षाच्या सुमारास शिगेला पोहोचते आणि नंतर घटते. त्याच संस्थेत नितीन गोगटे यांनी तेरा मुलांच्या आठ-दहा वर्षांच्या चित्रांवरून ही घट मेंदूच्या पृष्ठभागावर कोणत्या क्रमाने पसरते याचा नकाशा २००४ साली प्रसिद्ध केला : हालचाल आणि संवेदना यांचे भाग आधी परिपक्व होतात, विचार आणि संयम यांच्याशी निगडित भाग मागाहून. म्हणजे किशोरवयात करडे द्रव्य पातळ होते हे खरे, परंतु ते निरोगी वाढीचे लक्षण आहे. माळी पेरूच्या झाडाची छाटणी करतो, तेव्हा झाड आजारी पडले असे आपण म्हणत नाही. शिवाय ही चित्रे ज्या मुलांची आहेत, त्यांतली बहुतेक स्मार्टफोन जन्माला येण्यापूर्वी वयात आली होती. तिने छाटणीचा हा भाग पडद्यावर चित्रांसह समजावून दिला होता, आणि मला दाट संशय आहे की चहाच्या टेबलावर ‘करडे द्रव्य कमी होते’ हे एक वाक्य आणि मोबाइलचा एक प्रश्न यांची गाठ कोणीतरी मारून दिली.

तिने याला आणखी एक पुस्ती जोडली, जी ऐकताना शिक्षक म्हणून मी सुखावलो. एमआरआयमध्ये करडा भाग पातळ दिसतो, तेव्हा सांधे कमी झाले की चेतातंतूंवर मायलिनचे पांढरे आवरण चढल्यामुळे करड्याची सीमा सरकली, हे चित्रावरून वेगळे काढता येत नाही. आणि या शास्त्राने स्वतःची चूक कशी धरली, तेही तिने लपवले नाही. मघाशी उल्लेख केलेल्या पीटरसन यांचा सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातला गट मुलांच्या मेंदूतील दूरदूरच्या भागांमधले दुवे वयानुसार कसे पक्के होत जातात, हे अनेक वर्षे मांडत होता. २०१२ साली त्याच गटातल्या जोनाथन पॉवर यांनी दाखवून दिले की यंत्रात डोके अगदी एखाद्या मिलिमीटरच्या अंशाने हलले, तरी जवळचे दुवे अधिक बळकट आणि दूरचे दुवे अशक्त असल्याचा आभास निर्माण होतो. आणि लहान मुले मोठ्यांपेक्षा अधिक हलतात, हे कोणालाही सांगायला नको. म्हणजे वाढीचे म्हणून जे दाखवले जात होते, त्यातला काही भाग चुळबुळीचा होता. स्वतःच्याच कामावर प्रश्नचिन्ह लावणारा तो निबंध त्या गटाने दडवला नाही. आपल्या सार्वजनिक जीवनात असा प्रसंग शोधायला गेलो तर किती दिवस लागतील, हा विचार माझ्या मनात आला, पण तो या पत्राचा विषय नव्हे.

‘पंचविशीपर्यंत मेंदू कच्चा असतो’ हे वाक्य बातमीत चौकटीत दिले होते. तेही तिचे नव्हे. मेंदूतले बदल विशीनंतरही चालू राहतात, वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीने बदलतात, आणि पंचविसाव्या वाढदिवसाला कोणताही दिवा लागत नाही किंवा विझत नाही. असल्या वाक्यांचा त्रास असा की ती दोन्हीकडून वापरता येतात : अठरा वर्षांच्या मुलीला तिचे शिक्षण किंवा लग्न ठरवण्याचा हक्क नाकारायलाही, आणि बावीस वर्षांच्या मुलाने दारू पिऊन गाडी ठोकली तर त्याला पांघरूण घालायलाही.

किशोरांचे लक्ष अधू असते हा समज तिने कसा मोडला, ते सांगतो. बी. जे. केसी यांचे संशोधन तिने आपल्या कामाचा आदर्श म्हणून सांगितले. केसी यांची सुरुवात मुलांच्या अवधानाच्या अभ्यासातून झाली आणि १९९०च्या दशकाच्या मध्यावर मुलांना फंक्शनल एमआरआयच्या, म्हणजे मेंदू काम करत असताना त्याची चित्रे काढणाऱ्या, यंत्रात घालणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत त्या होत्या. त्यांच्या गटाच्या एका प्रयोगात पडद्यावर चेहरे येतात. एका प्रकारचा चेहरा आला की बटण दाबायचे, दुसऱ्या प्रकारचा आला की हात आवरायचा. शांत चेहऱ्यावर हात आवरण्यात किशोरवयीन मुले ठीक होती. हसऱ्या चेहऱ्यावर मात्र ती लहान मुलांपेक्षाही आणि मोठ्यांपेक्षाही अधिक चुकली. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही असेच काहीसे दिसले : पडद्यावरची गाडी चालवताना सिग्नल पिवळा झाल्यावर किशोर एकटे असताना जेवढा धोका पत्करत, त्यापेक्षा सोबती पाहत असताना कितीतरी अधिक पत्करत. म्हणजे या वयात लक्ष कमी नसते. माणसांच्या चेहऱ्यांकडे, समवयस्कांच्या नजरेकडे, बक्षिसाच्या शक्यतेकडे त्याचा ओढा जबर असतो. ज्यांना हे प्रयोगावाचून पाहायचे असेल, त्यांनी आमच्याकडे जत्रेच्या रात्री यावे. वर्गात दहा मिनिटे न टिकणारी नववी-दहावीची मुले देवळाच्या मंडपात उत्सवाचे नाटक पहाटेपर्यंत डोळ्यांची पापणी न लववता पाहतात, आणि त्यांच्यातलाच एखादा रंगमंचावर उभा असेल, तर त्याचे संवाद इतरांना त्याच्याआधी पाठ झालेले असतात.

मोबाइलबाबत त्या पालकाच्या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर मी जवळजवळ जसेच्या तसे देतो. माणसाचे लक्ष आता आठ सेकंद टिकते आणि गोल्डफिशचे नऊ, हा २०१५ साली एका मोठ्या संगणक कंपनीच्या अहवालातून पसरलेला आकडा कोणत्याही प्रयोगावर उभा नाही. लॉस एंजेलिसमध्ये २,५८७ विद्यार्थ्यांचा दोन वर्षे मागोवा घेतलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात डिजिटल माध्यमांचा वारंवार वापर करणाऱ्यांमध्ये अवधानाच्या अडचणीची लक्षणे पुढे काही प्रमाणात अधिक आढळली, परंतु हा संबंध माफक होता आणि कारण कोणते, परिणाम कोणता, हे त्यावरून ठरत नाही. त्याउलट रात्री अंथरुणात फोन हाताळणाऱ्या मुलांची झोप कमी आणि निकृष्ट असते, हे वीस अभ्यासांतील सव्वा लाख मुलांच्या एकत्रित माहितीवरून २०१६ साली बऱ्याच स्पष्टपणे दिसले आहे. तेव्हा फोन रात्री उशाशी ठेवू नका, असे ती म्हणाली. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची खाती ठेवण्यास मनाई केली आहे आणि तसेच आपल्याकडे व्हावे का, असेही कोणी विचारले. त्यावर तिने सांगितले की त्याचे परिणाम मोजून हाती येऊ द्यावेत, मग बोलता येईल. सभागृहात थोडी निराशा पसरली. लोकांना ‘हो’ किंवा ‘नाही’ हवे होते.

ज्या गोष्टीबद्दल ती ‘हो’ म्हणायला तयार होती, ती कोणी विचारलीच नाही. ती तिने आपणहून सांगितली. वयात येताना मुलांच्या शरीरातले घड्याळ मागे सरकते. झोपेची वेळ जवळ आल्याची सूचना देणारे मेलाटोनिन त्यांच्यात मोठ्यांपेक्षा आणि लहानांपेक्षा उशिरा स्रवू लागते, म्हणून रात्री साडेनऊला ‘झोप जा’ म्हटले तरी झोप येत नाही आणि पहाटे साडेपाचला उठवले तर ती मध्यरात्र असल्यासारखी उठतात. मेरी कार्सकाडन यांनी १९७६ पासून स्टॅनफर्डमध्ये उन्हाळी शिबिरांत मुलांची झोप मोजली. वय वाढते तशी झोपेची गरज कमी होत जाईल ही अपेक्षा होती. ती खोटी ठरली. पुढे ऱ्होड आयलंडमध्ये त्यांनी नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, ज्यांची शाळा सकाळी ८.२५ ऐवजी ७.२० ला भरू लागली होती. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिवसा डुलकीची संधी दिली असता जवळजवळ निम्मी मुले झोप लागताच थेट स्वप्नांच्या अवस्थेत शिरत होती, जी अवस्था निरोगी माणसाला दिवसा अशी झटकन गाठायला नको. अशा मुलाचा पहिला तास गणिताचा असतो.

येथे तिने नववीतल्या एका मुलाला पुढे बोलावले आणि पडद्यावर एक साधी चाचणी दाखवली : दोन ते दहा सेकंदांच्या अनिश्चित अंतराने आकडा उमटतो, उमटताच बटण दाबायचे, असे दहा मिनिटे. अर्ध्या सेकंदापेक्षा उशीर झाला की ती चूक. झोप कमी पडली की या चुका वाढतात. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रौढांना चौदा दिवस रोज सहा तासांपेक्षा अधिक झोपू दिले नाही, तेव्हा अखेरीस त्यांची कामगिरी रात्री सलग जागवलेल्या माणसांइतकी घसरली होती. आणि वाईट असे की आपण एवढे घसरलो आहोत हे त्यांचे त्यांना जाणवत नव्हते. तिने त्या मुलाला सकाळी किती वाजता उठतोस असे विचारले. तो म्हणाला, ‘पाच वाजून चाळीस मिनिटांनी. बालरथ (शाळेची बस) पावणेसातला येतो.’ त्याच्या आईने मागून पुष्टी केली.

मी घरी येऊन हिशेब मांडला. या वयात आठ ते दहा तास झोप हवी असे निद्राविकारतज्ज्ञांच्या अमेरिकी संस्थेचे २०१६ चे मत आहे. किमान आठ धरले, तरी या मुलाने रात्री पावणेदहाच्या आधीच झोपी जायला हवे. त्याची शिकवणी फोंड्यात साडेआठला सुटते; कदंबच्या बसने घरी पोहोचायला सव्वानऊ, जेवण, शाळेचा गृहपाठ. तो साडेअकराच्या आत झोपत नाही, फोन असो वा नसो. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालीच माध्यमिक शाळा साडेआठच्या आत भरवू नये अशी शिफारस केली. सिअॅटल शहराने २०१६ मध्ये शाळेची वेळ ७.५० वरून ८.४५ केली, तेव्हा मुले उशिरापर्यंत जागतील आणि हिशेब तोच राहील अशी भीती होती. मनगटावरच्या यंत्रांनी मोजले तेव्हा प्रत्यक्षात झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून तसा कायदाच लागू केला.

आपल्या गोव्यात बहुतेक शाळा सकाळी आठच्या आत-बाहेर भरतात, आणि त्यामागची कारणे मला ठाऊक आहेत : दुपारचे ऊन, दुपारच्या जेवणाला घरी पोहोचण्याची आपली जुनी रीत, बालरथाच्या फेऱ्या, संध्याकाळच्या शिकवण्या. त्यांतले एकही कारण खोटे नाही. तरीही शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू करण्यावरून २०२५ साली एवढा वाद झाला, उन्हाविषयी, सुट्ट्यांविषयी, गावी जाण्याविषयी रकानेच्या रकाने लिहिले गेले, त्यात मुले किती वाजता उठतात याविषयी एक ओळ वाचल्याचे मला आठवत नाही. उलट, जिच्याबाबत पुरावा अजून धूसर आहे ती मोबाइलची गोष्ट दर पालकसभेत होते. त्यात सोय अशी की फोन मुलाच्या हातात असतो, आणि शाळेची घंटा आपल्या.

एक मर्यादा तिने स्वतःच सांगितली होती, ती गाळणे बरे नव्हे. वरचे बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत. आपल्याकडचा सूर्य वेगळा, एका खोलीत सारे कुटुंब झोपणारी घरे वेगळी. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने देशात सात ठिकाणी सहा ते तेवीस वयोगटातील मुलांच्या वाढीचा मोठा अभ्यास चालू झाला आहे, झुआरीनगरला बिट्स पिलानीच्या आवारात बोधात्मक मेंदुविज्ञानाची प्रयोगशाळा आहे, बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. गोव्यातल्या मुलांची झोप आणि सकाळच्या पहिल्या तासातले त्यांचे अवधान मोजायला फार मोठे यंत्र लागत नाही. ती दहा मिनिटांची चाचणी आणि मनगटावरचे यंत्र एवढे पुरे. दोन-तीन शाळांनी एक सत्र तयारी दाखवली, तर ती सुट्टीत येऊन विनामूल्य मदत करायला तयार आहे, असे तिने मला सांगायला सांगितले आहे.

आपणांस माझी विनंती दोन गोष्टींची आहे. मथळ्याची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकारात छापावी. आणि शिक्षण खात्याकडून किंवा शाळांच्या व्यवस्थापनांकडून सकाळच्या वेळेविषयी त्यांचे म्हणणे मागवून ते प्रसिद्ध करावे. बालरथाच्या फेऱ्यांमुळे वेळ बदलणे अशक्य असेल, तर तसे त्यांनी आकड्यांनिशी सांगावे. माझी नात ज्या शाळेत आहे, तेथील पालक-शिक्षक संघाच्या येत्या सभेत नववी-दहावीची गणिताची तासिका पहिल्यावरून चौथ्यावर न्यावी असा ठराव मी दिला आहे. माझ्या विद्यार्थिनीला हे कळवले तेव्हा तिचे उत्तर आले, ‘सर, त्याने झोप वाढणार नाही, फक्त गणित वाचेल. पण मोजून बघा.’

आपला विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक,
सावईवेरे, फोंडा